न्यासाच्या ठेवींवरील व्याज स्थानिक आरोग्यसेवेसाठी कसे खर्च करावे?

प्रश्न – गिरगावचा चिटणीस

सप्रेम नमस्कार.

गिरगावातील एका जुन्या सार्वजनिक न्यासाचे चिटणीसपद सध्या माझ्याकडे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्यातून नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या मंडळींनी तो स्थापन केला, आणि आजवर त्याचे काम शालेय साहित्य, शिष्यवृत्त्या आणि वार्षिक गुणगौरव समारंभ एवढ्यापुरतेच राहिले. न्यासाच्या मालकीच्या जुन्या सभागृहाचा पुनर्विकास झाला. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी रीतसर घेतली होती, आणि त्या व्यवहारातून आलेले सुमारे २ कोटी रुपये आता राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवींच्या रूपाने आहेत. व्याजदर ७ टक्के धरला, तर वर्षाला १४ लाख रुपये हाती येतात. न्यासाच्या घटनेत शैक्षणिक साहाय्याबरोबर वैद्यकीय साहाय्याचाही उद्देश पहिल्यापासून नोंदलेला आहे; परंतु त्या बाजूने पद्धतशीर काम कधी झाले नाही. अडीनडीला कोणी आला तर पाच-दहा हजारांचा धनादेश द्यायचा, एवढेच.

आता हे व्याज मुख्यतः आरोग्यसेवेकडे वळवावे यावर विश्वस्तांचे एकमत आहे, पण कसे वळवावे यावर नाही. काहींचे म्हणणे असे की, गरजू रुग्णांना थेट मदत द्यावी, कारण त्यातच न्यासाचा मूळ हेतू आहे. काहींना वाटते की, एखाद्या धर्मादाय रुग्णालयाला डायलिसिसचे यंत्र किंवा रुग्णवाहिका द्यावी, म्हणजे न्यासाचे नाव राहील आणि सभासदांना काम डोळ्यांनी दिसेल. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त पुनर्विकासात मिळालेल्या तळमजल्याच्या गाळ्यात आपला स्वतःचा दवाखाना काढावा, या मताचे आहेत.

लाभार्थी केवळ आमच्या तालुक्यातील असावेत, की गिरगावपासून परळ-लालबागपर्यंतच्या पट्ट्यातील कोणीही गरजू चालावा, हाही प्रश्न सुटलेला नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. रक्कम लहान आहे याची जाणीव आहे, म्हणूनच ती वाया जाऊ नये अशी तळमळ आहे.

उत्तर १ – दादरचा हिशेबनीस

नमस्कार. न्यासांचे हिशेब तपासण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे कायद्याची आणि हिशेबाची बाजू मांडतो. सेवेची बाजू इतर जाणकार सांगतील.

वैद्यकीय साहाय्याचा उद्देश घटनेत आहे, ही तुमच्यासाठी मोठी सोय आहे. तो नसता, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडून उद्देशांत बदल करून घेतल्याशिवाय एक रुपयाही तिकडे वळवणे योग्य ठरले नसते. तरीही प्रत्यक्ष खर्च सुरू करण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने सविस्तर ठराव करावा, आणि मदत कोणाला, किती व कशाच्या आधारे द्यायची याची लेखी नियमावली त्या ठरावाला जोडावी. नियमावली नसलेल्या न्यासात मदत हळूहळू ओळखीच्या माणसांकडे झुकते. कोणाच्या मनात खोट नसतानाही असे होते.

प्राप्तिकराच्या सवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नातील किमान ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च व्हावी लागते. तुमच्या १४ लाखांपैकी ११ लाख ९० हजार रुपये त्याच वर्षी खर्ची पडले पाहिजेत. उरलेले २ लाख १० हजार विनाअट राखून ठेवता येतात. एवढी रक्कम खर्च होणे शक्य नसेल, तर विशिष्ट प्रयोजन लिहून, विहित नमुन्यात आणि मुदतीत कळवून, ती जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी साठवता येते.

यंत्र किंवा देणगी देण्याच्या विचारात असाल तर एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला देणगी दिली, तर तिच्यापैकी ८५ टक्केच रक्कम देणाऱ्याचा खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे १० लाख दिले तर साडेआठ लाखच हिशेबात येतात. ती देणगी समोरच्या न्यासाच्या कायम निधीत (मूळ रक्कम न मोडता जपायच्या निधीत) जमा झाली, तर तेवढेही धरले जात नाही. याउलट, तुमच्या नियमावलीप्रमाणे निवडलेल्या रुग्णाचे बिल तुम्ही रुग्णालयाला थेट चुकते केलेत, तर तो तुमच्याच उपक्रमाचा खर्च असतो. पैसा एकाच रुग्णालयात जातो, पण हिशेबाच्या वहीत त्याचे स्थान वेगळे असते.

लाभार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. तालुका किंवा वस्ती ही मर्यादा चालते. जात किंवा धर्म ही मर्यादा घातली, तर करसवलत आणि देणगीदारांना प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०जीखाली मिळणारी सवलत दोन्ही अडचणीत येतात. प्रत्यक्षात तालुक्याचे लोक म्हणजे एकाच ज्ञातीचे लोक असा प्रकार झालेला असेल, तर नियमावलीत कोणत्याही जातिधर्माचा रहिवासी पात्र राहील, असे स्पष्ट लिहून ठेवावे.

स्वतःच्या दवाखान्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. नाममात्र शुल्क घेण्याला कायद्याची आडकाठी नाही, कारण वैद्यकीय साहाय्य हा स्वतंत्र धर्मादाय उद्देश मानला जातो. परंतु जैव-वैद्यकीय कचऱ्याची २०१६ ची नियमावली लहान दवाखान्यालाही लागू आहे, डॉक्टरांचे मानधन, परिचारिका, औषधसाठा, सफाई, वीज हे सर्व महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते, आणि १४ लाखांत ते जेमतेम भागले तरी पुढच्या वर्षी व्याजदर एक टक्क्याने उतरला की थेट २ लाखांची तूट पडते. त्या दिवशी विश्वस्तांच्या मनात मूळ ठेवीला हात लावण्याचा विचार येतो, आणि एकदा तो आला की न्यासाचे आयुष्य मोजके उरते.

उत्तर २ – परळची समाजसेविका

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. रुग्णांना थेट मदत देणे म्हणजे नेमके काय घडते, ते या टेबलाच्या बाजूने सांगते.

आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकाच्या हातात बहुधा प्लॅस्टिकची एक फाइल असते. तिच्यात युनिटप्रमुखांच्या सहीशिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक, केसपेपरची प्रत, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि या सगळ्याच्या डझनभर झेरॉक्स असतात, कारण एकाच शस्त्रक्रियेसाठी चार-पाच न्यासांकडे अर्ज करावे लागतात. एखादा न्यास १० हजार देतो, दुसरा १५ हजार देतो, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या मोठ्या संस्थेकडून काही रक्कम येते, मुख्यमंत्री साहाय्यता निधीकडे अर्ज केलेला असतो, आणि तरीही जी तूट उरते ती रुग्णालयाच्या पुअर बॉक्स फंडातून भरता येते का, ते आम्ही पाहतो. ही जुळवाजुळव करण्यात आमचा निम्मा दिवस जातो.

यात लहान न्यासाचे महत्त्व रकमेत नसते, वेगात असते. मोठ्या न्यासांच्या बैठका ठरलेल्या तारखांना होतात. हृदयाच्या झडपेची किंवा मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया तेवढा काळ थांबू शकत नाही. पैसे मंजूर झाले, पण धनादेश पोहोचेपर्यंत रुग्ण घरी गेला किंवा दगावला, असेही घडते, आणि मग तो धनादेश पत्रासोबत परत पाठवावा लागतो. ज्या न्यासाने दोन विश्वस्तांना ठरावीक मर्यादेपर्यंत बैठकीविना मंजुरी देण्याचा अधिकार दिलेला आहे, त्याचे मंजुरीपत्र आम्हाला दोन दिवसांत मिळते. तेवढ्या पत्राच्या आधारावर इम्प्लांटचा पुरवठादार साहित्य पाठवायला तयार होतो. माझी तुम्हाला पहिली विनंती अशी की, रक्कम कमी ठेवा, पण निर्णय लवकर द्या.

धनादेश नेहमी रुग्णालयाच्या किंवा पुरवठादाराच्या नावानेच काढावा. रुग्णावर अविश्वास म्हणून नव्हे, तर घरात पैसा आला की थकलेले भाडे, सावकार आणि मुलांची फी हे सगळे एकाच वेळी दारात उभे राहतात, म्हणून.

दुसरी विनंती अशी की, शासनाच्या योजनेतून जे मिळू शकते त्यावर न्यासाचा पैसा खर्च करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली होती, तिच्यात अनेक मोठ्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. धर्मादाय रुग्णालयांमध्ये २००६ पासून उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना लागू आहे. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आणीबाणीच्या वेळी अनामत रक्कम मागून रुग्णाला अडवता येत नाही, असेही त्या योजनेत आहे. गिरगावात राहणाऱ्या, दक्षिण मुंबईतील मोठमोठ्या रुग्णालयांच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या किती कुटुंबांना हे ठाऊक आहे? नातेवाइकांनी मागितलेच नाही, म्हणून राखीव खाट मिळाली नाही, असे रुग्ण मी पाहते आणि जीव तुटतो.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, तुमच्या गाळ्यात दवाखान्याऐवजी मदत केंद्र काढावे. एक पगारी, प्रशिक्षित समाजसेवक, एक टेबल, एक संगणक आणि दूरध्वनी एवढे पुरे. अर्ज भरून देणे, दाखले मिळवून देणे, वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात तक्रार करायची वेळ आली तर ती लिहून देणे, हे काम तो करील. त्याचा वर्षाचा पगार तुमच्या व्याजात सहज बसेल, आणि त्याच्या हातून रुग्णांना मिळणारी मदत त्याच्या पगाराहून किती तरी मोठी असेल.

उत्तर ३ – मुलुंडचे डायलिसिस केंद्र

उपनगरात एका न्यासाच्या डायलिसिस केंद्राचे व्यवस्थापन मी पाहतो. यंत्र दान करण्याच्या प्रस्तावाबद्दल मनापासून आणि थोडे सविस्तर लिहितो, कारण देणगीदारांशी बोलताना हा विषय आम्हाला पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो.

यंत्र मिळवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि आरोग्य हे त्यातील मान्य क्षेत्र आहे. मार्च जवळ आला की यंत्र देऊ इच्छिणाऱ्यांचे दूरध्वनी येऊ लागतात. एका ठिकाणी मी असे पाहिले की, नव्या यंत्रावर उद्घाटनाची फीत बांधल्याच्या खुणा तशाच होत्या आणि त्यावर पांढरी चादर घातलेली होती. पाण्याच्या शुद्धीकरण संयंत्राची क्षमता जुन्या यंत्रांपुरतीच होती आणि नव्या पाळीसाठी तंत्रज्ञ मिळाला नव्हता. देणगीदाराचा फलक मात्र भिंतीवर चकचकीत होता.

एक डायलिसिस साधारण चार तास चालते आणि तेवढ्या वेळात सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी त्या यंत्रातून जाते. त्या पाण्यात दोष राहिला तर तो थेट रक्तापर्यंत पोहोचतो, म्हणून आरओ संयंत्राचे पडदे वेळेवर बदलणे आणि पाण्याची जिवाणू व रासायनिक तपासणी नियमाने करणे यात तडजोड चालत नाही. आमच्याकडे डायलायझर (रक्त गाळणारे उपकरण) धुण्याच्या खोलीत एक मांडणी आहे. प्रत्येक रुग्णाचा डायलायझर वेगळ्या डब्यात, त्यावर ठळक अक्षरांत नाव, नोंदणी क्रमांक आणि कितव्यांदा वापरला याची खूण. एका रुग्णाचा डायलायझर दुसऱ्याला लागू नये, हे काम पाहणारा माणूस दक्ष आणि टिकून राहणारा असावा लागतो. कावीळ ब किंवा क असलेल्या रुग्णांसाठी यंत्रे वेगळी ठेवावी लागतात. या सगळ्याला दर महिन्याला पैसा लागतो, आणि त्यासाठी देणगी मागायला गेले की समोरचा विचारतो, "यात आमचे नाव कुठे येणार?"

आता तुमच्या रकमेचा हिशेब करू. एक यंत्र दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याचे सहा दिवस चालले, तर आठवड्याला १८ डायलिसिस होतात. ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते असे सहाच रुग्ण त्या यंत्रावर सामावतात. अशा एका रुग्णाची वर्षाला १५६ डायलिसिस होतात. तुमच्या न्यासाने प्रत्येक वेळेला ५०० रुपयांचा भार उचलला, तर एका रुग्णामागे वर्षाला ७८ हजार रुपये होतात, म्हणजे तुमच्या ११ लाख ९० हजारांत पंधरा रुग्णांची वर्षभराची सोय होते. ही मदत पंधरा कुटुंबांना खरोखर सावरते, कारण डायलिसिस एकदा सुरू झाले की मूत्रपिंड प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा आयुष्यभर थांबवता येत नाही. मधल्या एका महिन्यात पैसे नाहीत म्हणून रुग्णाने आठवड्याला तीनऐवजी दोनच फेऱ्या केल्या, की पायांवर सूज आणि छातीत पाणी घेऊन तो आपत्कालीन विभागात दाखल होतो, आणि तो खर्च वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट असतो.

म्हणूनच या कामात एकरकमी देणगीपेक्षा शब्द दिलेला वार्षिक निधी मोलाचा ठरतो. एखाद्या चांगल्या चाललेल्या केंद्राशी किमान तीन वर्षांचा लेखी करार करावा. केंद्राने दर महिन्याला रुग्णांच्या नोंदणी क्रमांकांसह झालेल्या डायलिसिसची यादी व बिल द्यावे, तुमच्या प्रतिनिधीने अधूनमधून पाळीच्या वेळी येऊन नोंदवही पडताळावी, आणि मग पैसे द्यावेत. जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्यामुळे जिथे त्या योजनेची खाट उपलब्ध आहे तिथे रुग्णाला आधी तिकडे पाठवावे. परंतु हिमोग्लोबिन टिकवण्यासाठी लागणारी इंजेक्शने, दर महिन्याच्या तपासण्या आणि आठवड्यातून तीनदा होणारा टॅक्सीचा खर्च बहुतेक वेळा घरच्यांच्याच खिशातून जातो. डायलिसिस संपल्यावर गळून गेलेल्या माणसाला संध्याकाळच्या लोकलमध्ये चढवता येत नाही. पंधरा रुग्णांना ५०० रुपये देण्याऐवजी अधिक रुग्णांना केवळ इंजेक्शने आणि प्रवासखर्च दिला, तरी त्यातून डायलिसिस चुकण्याचे प्रमाण कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

तुम्हाला नाव हवेच असेल, तर तंत्रज्ञाच्या पगाराला द्या. आम्ही शिकवून तयार केलेले तंत्रज्ञ खासगी रुग्णालये अधिक पगार देऊन घेऊन जातात, आणि दर वेळी एक पाळी बंद पडते. एका तंत्रज्ञाचा पगार टिकाऊपणे भरणाऱ्या न्यासाचे नाव आम्ही दारावर आनंदाने लिहू.

उत्तर ४ – लालबागकर

परंपरेचा एक मुद्दा मांडतो, कारण मुंबईत दानातून रुग्णालये उभी राहण्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी सापडते.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले, पण ते चालवण्याचा भार सरकारने उचलला. कामा रुग्णालय १८८६ मध्ये पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या दानातून उभे राहिले, तेही पुढे सरकारी व्यवस्थेतच चालले. परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी निधी देताना तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट घातली, आणि १९२६ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचा रोजचा खर्च महापालिकेने पेलला. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. तेवढा श्रीमंत न्यास असूनही १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. दानशूरांनी इमारत आणि दिशा दिली. दीर्घकाळ चालवण्याचे बळ सार्वजनिक तिजोरीतून आले.

जिथे हे दोन्ही वाटे करारावर आणि अनुदानावर अवलंबून राहिले, तिथे काय होते, हे आपण जानेवारी २०२० मध्ये पाहिले. परळच्या वाडिया रुग्णालयांच्या अनुदानाचा वाद इतका विकोपाला गेला, की मुले आणि बाळंतिणी यांच्या उपचारांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. न्यास, महापालिका आणि राज्य शासन या तिघांचा त्यात संबंध होता. लहान न्यासाने यातून असा बोध घ्यावा की, आपण देणार असलेला पैसा कोणत्या साखळीतला कितवा दुवा आहे आणि आधीचा दुवा तुटला तर आपला पैसा अडकून पडेल का, हे करार करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

समाजसेविकाताईंच्या मदत केंद्राच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. परळमध्ये बाहेरगावाहून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आम्ही रोज पाहतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर ठीक, नाही तर पदपथावर मुक्काम. तुमच्या तालुक्यातून उपचारांसाठी येणाऱ्यांना मुंबईत कोणाकडे जावे हे सांगणारा आपला माणूस असणे, हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे.

प्रश्नकर्त्याचे निवेदन – गिरगावचा चिटणीस

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ही सर्व उत्तरे छापून विश्वस्त मंडळापुढे ठेवली, आणि दवाखान्याचा विचार ज्येष्ठ विश्वस्तांनी स्वतःहून मागे घेतला.

आता असा प्रस्ताव तयार होतो आहे. गाळ्यात मदत केंद्र सुरू करून तेथे एक पूर्णवेळ प्रशिक्षित समाजसेवक नेमायचा. एका डायलिसिस केंद्राशी तीन वर्षांचा करार करून इंजेक्शने, तपासण्या आणि प्रवासखर्च यांसाठी ठरावीक रक्कम द्यायची. तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी प्रति रुग्ण १५ हजार रुपयांपर्यंतची मंजुरी दोन विश्वस्तांच्या सहीने, बैठकीची वाट न पाहता, दोन दिवसांत द्यायची. डायलिसिस आणि तातडीची मदत गिरगाव-परळ पट्ट्यातील तसेच तालुक्यातील कोणत्याही जातिधर्माच्या रुग्णाला मिळेल.

तीन शंका उरल्या आहेत. तीन वर्षांचा शब्द दिल्यावर व्याजदर उतरला तर काय करावे? समाजसेवकाचा पगार हा प्रशासकीय खर्च धरला जाऊन करसवलतीला बाधा येईल का? आणि आमच्या सभासदांकडून या कामासाठी नव्याने देणग्या घ्यायच्या तर काय काळजी घ्यावी?

उत्तर ५ – परळची समाजसेविका

प्रस्ताव वाचून फार समाधान वाटले. समाजसेवक नेमताना समाजकार्याची पदवी पाहावीच, पण त्याला पहिला महिनाभर एखाद्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बसू द्यावे. कोणत्या योजनेत काय बसते, कोणत्या धर्मादाय रुग्णालयात राखीव खाटांची चौकशी कोणाकडे करायची, अंदाजपत्रकात काय तपासायचे, हे पुस्तकातून येत नाही. आमच्या विभागाच्या प्रमुखांना न्यासाचे पत्र दिलेत तर आम्ही आनंदाने शिकवू. आणखी एक सुचवते. नाकारलेल्या अर्जांचीही नोंद कारणासह ठेवा. वर्षाअखेरीस ती वही वाचली की, पुढच्या वर्षीचा पैसा कुठे कमी पडतो ते स्पष्ट दिसते.

मात्र एका मुद्द्यावर डायलिसिस केंद्राच्या मित्रांशी माझा मतभेद कायम आहे. वर्षाचा बहुतांश निधी एकाच आजाराला बांधून टाकू नये. कर्करोग, जन्मजात हृदयदोष, भाजलेले रुग्ण यांच्यासाठी लहान न्यास हाच अनेकदा शेवटचा आसरा असतो. निदान एक तृतीयांश रक्कम मोकळी ठेवावी.

उत्तर ६ – मुलुंडचे डायलिसिस केंद्र

ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण मोकळी ठेवलेली रक्कम शेवटच्या तिमाहीत घाईघाईने वाटली जाते, हेही मी पाहिले आहे. ती चार तिमाहींत विभागून ठेवावी. डायलिसिसच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच की, ज्या रुग्णाला मदत सुरू केली, तिला मध्येच कात्री लागू नये. रुग्ण कमी घ्या, पण घेतलेल्याला सोडू नका.

उत्तर ७ – दादरचा हिशेबनीस

तुमच्या शंकांची उत्तरे क्रमाने देतो.

विनाअट राखून ठेवता येणारी १५ टक्के रक्कम पहिली काही वर्षे 'आरोग्य स्थिरता निधी' अशा नावाने वेगळ्या ठेवीत बाजूला काढावी. वर्षाला २ लाख १० हजार या हिशेबाने तीन वर्षांत ६ लाख ३० हजार जमतात, आणि व्याजदर ७ वरून ६ टक्क्यांवर आला तर येणारी वार्षिक २ लाखांची तूट त्यातून भरून निघते. सर्व ठेवी एकाच तारखेला मुदत संपणाऱ्या ठेवू नयेत. त्या वेगवेगळ्या वर्षांत संपतील अशा विभागल्या, तर दर उतरल्याचा फटका एकदम बसत नाही. करारात मात्र रक्कम रुपयांत लिहावी, व्याजाच्या टक्केवारीत लिहू नये, कारण केंद्राला तंत्रज्ञाचा पगार रुपयांतच द्यावा लागतो.

समाजसेवक रुग्णांना प्रत्यक्ष मदत करतो, तेव्हा त्याचा पगार उद्देशावरचाच खर्च आहे. नियुक्तिपत्रात त्याच्या कामाचे स्वरूप तसे लिहावे आणि हिशेबात तो 'वैद्यकीय साहाय्य – मदत केंद्र' या शीर्षकाखाली दाखवावा. त्याच्याकडून न्यासाची कारकुनी करून घेऊ नये. पुढे एखाद्या कंपनीकडून सामाजिक दायित्वाचा निधी घ्यायचा ठरला, तर केंद्रीय कंपनी कार्य मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणी आधी करावी लागेल. १ एप्रिल २०२१ पासून ती आवश्यक आहे.

देणग्यांबाबत, २ हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, हे सभासदांना आधीच सांगावे आणि शक्यतो धनादेशाने किंवा बँकेतूनच रक्कम घ्यावी. देणगीदारांचे विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत दाखल करून त्यांना प्रमाणपत्रे द्यावी लागतात. देणगी कायम निधीसाठी आहे की चालू खर्चासाठी, हे देणगीदाराकडून पत्रावर लिहून घ्यावे. तसे पत्र नसेल तर ती चालू उत्पन्नात धरावी लागते आणि तिच्यावरही ८५ टक्क्यांचा नियम लागतो.

विश्वस्त मंडळाचा ठराव, नियमावली आणि डायलिसिस केंद्राशी करायच्या कराराचा मसुदा एकाच बैठकीत मंजूर करून घ्यावा, आणि करारावर सही करण्यापूर्वी त्या केंद्राच्या न्यासाची नोंदणी व प्राप्तिकराची मान्यता चालू आहे का, ते प्रमाणपत्रावरील मुदत पाहून तपासावे. या मान्यता आता ठरावीक मुदतीपुरत्याच असतात आणि त्यांचे नूतनीकरण राहून गेलेले न्यास अनेक आहेत. तुमच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची तारीखही त्याच वेळी पाहून घ्यावी.